खाटेवरचा हात

"उतरवायचा नाही म्हणजे नाही! शनिवारपर्यंत तो बोर्ड हलणार नाही, माणिक. आणि भर रस्त्यात माझ्यावर ओरडू नकोस."

"मग कुठं ओरडू? ऑफिसात तुमच्या कानाचा फोन सुटत नाही!"

वीणाताईंनी गॉगल डोक्यावर सरकवला. लखनौच्या चारबाग स्टेशनासमोर, ऑटोवाल्यांच्या कलकलाटात, सतरा वर्षांच्या पोरानं आपल्याला असं बोलावं, हे त्यांना काही नवं नव्हतं. तीन आठवड्यांत माणिक त्यांच्याशी चार वेळा भांडला होता. दोनदा काम सोडून गेला होता आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसला होता. पण आजची गोष्ट वेगळी होती. आज बोर्डाखाली एक माणूस बसला होता.

बोर्ड फ्लेक्सचा, दोन माणसं उंच. त्यावर सात वर्षांची एक मुलगी, खाटेवर मांडी घालून बसलेली, चहूकडे पाणीच पाणी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कजरी का अब कोई नहीं। आप हैं न?' आणि कोपऱ्यात 'तटसाथी'चं नाव. घाघरा नदीला पूर आला की नावा घेऊन धान्य-औषधं पोचवणारी ही संस्था. वीणाताई तिची प्रसिद्धी बघायच्या. त्या एअरफोर्सवाल्यांच्या घरातल्या, मूळच्या साताऱ्याच्या. टेम्पोत माणिकच्या आईला मराठीत फोनवर बोलताना ऐकून त्यांनी ओळख काढली आणि घरात नुसता लोळणारा हा मुलगा 'फोटो बरे काढतो' म्हटल्यावर त्याला कामाला ओढला. पगार नाही, चहा मिळतो.

बोर्डाखाली बसलेल्या माणसाचं नाव मैकू. कजरीचा बाप.

आलमबागच्या मागं एका इमारतीवर तो विटा वाहायचा. गावाकडचा फोन नऊ दिवस लागत नव्हता, म्हणून आज काम टाकून, गाठोडं घेऊन निघाला होता. चारबागला टेम्पोतून उतरला आणि मान वर केली तर पोरगी आभाळाएवढी! तो आधी हसला म्हणे. मग एका ऑटोवाल्याला खालचं वाचायला सांगितलं. ऑटोवाल्यानं वाचलं. तेव्हा मैकू शांतपणे बोर्डाशेजारी मांडलेल्या 'तटसाथी'च्या टेबलाशी आला आणि माणिकला विचारलं, "भैया, ई बिटिया की महतारी कब मरी?"

महतारी म्हणजे आई, हे माणिकला कळलं. कसाबसा म्हणाला, "नहीं चाचा, वो..." मैकूनं मान डोलावली, जसं काही उत्तर मिळालंच, आणि जाऊन बोर्डाच्या बांबूला टेकून बसला. रडला नाही, काही नाही. समोरून बूट, चपला, सुटकेसची चाकं जात होती, ती बघत राहिला.

"मी काही दगड नाहीये," वीणाताई आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण आज हा बोर्ड उतरला की उद्या छापून येईल, की यांनी खोटी अनाथ पोरगी उभी केली. मग पुढच्या नावेचं डिझेल तुझा मामा देणार? शनिवारी टीव्हीवाल्यांचे कॅमेरे येतायत. शनिवार होऊ दे, मी स्वतः उतरवते."

"आणि तोवर हा इथं बसून बायकोचे दिवस घालू दे!"

"हळू बोल."

"त्याला मराठी नाही येत."

"रडवेला आवाज सगळ्यांना कळतो, माणिक."

माणिकनं टेबलाला लाथ घातली. पत्रकांचा गठ्ठा घसरला. तो गोळा करायला वाकलेला ऋषभ वैतागून म्हणाला, "यार, मेरे ऊपर क्यों गुस्सा निकाल रहा है? मैंने वही लिखा जो तेरी पर्ची में था." ऋषभ संस्थेचे बोर्ड, पत्रकं सगळं कॉम्प्युटरवर बनवायचा. "अभिभावक वाला खाना खाली था. खाली था ना?"

होता. रिकामाच होता.

तर 'तटसाथी'ची पद्धत अशी, की फोटो काढला की त्यासोबत एक चिठ्ठी भरायची. नाव, वय, गाव आणि शेवटी अभिभावक, म्हणजे पालक कोण. आता पुरात ज्या पोरांचं खरंच कोणी उरलेलं नसतं, त्यांच्यासमोर उभं राहून 'अनाथ' असं लिहायला कोणाचा हात धजत नाही. पोरगं वाचत असतं ना! मग स्वयंसेवक तो रकाना तसाच सोडतात. कोणी नियम केलेला नाही, पण ऑफिसात सगळ्यांना माहीत, रिकामा रकाना म्हणजे मागं कोणी नाही. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. ऋषभनंही विचारलं नाही.

माणिकचं कारण मात्र वेगळंच होतं.

ती सकाळ सहा दिवसांपूर्वीची, पण त्याच्या अंगातून अजून गेली नव्हती. तेव्हापासून पायाखालची जमीन जराशी हलायची. टेम्पोत बसला तरी हलायची, मानकनगरच्या क्वार्टरमध्ये पलंगावर पडला तरी हलायची. लखनौत कडक ऊन, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि दोन-अडीच तासांवर अख्खं गाव पाण्याखाली झोपलेलं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हेच त्याला उमगायचं नाही. परवा हजरतगंजमधून चालताना त्याला वाटलं, पाणी आलंच आहे, फक्त आवाज नाही. दुकानांच्या काचांमागं पुतळे साड्या नेसून बुडालेत. मेट्रोच्या जिन्यावरून मासे एकामागं एक, रांग धरून, खाली उतरतायत. एक म्हातारा सायकलरिक्षावाला पाण्यातून हळूहळू पायडल मारतोय आणि त्याच्या गमछाचं टोक वर वर तरंगतंय. मग कोणीतरी हॉर्न वाजवला आणि सगळं पाणी एकदम ओसरलं.

त्या सकाळी नाव रस्त्यावरून चालली होती. खरंच रस्त्यावरून! नाववाला बांबूनं खाली टोचून म्हणाला, "नीचे सड़क है, पक्की वाली." उसाचे शेंडे पाण्यावर हिरवळीसारखे दिसत होते. हापशाचा नुसता दांडा वर होता आणि त्यावर एक खंड्या असा बसला होता, जसं ते त्याच्यासाठीच बांधलंय. कुठं आवाज नाही, कुत्रं नाही, कोंबडा नाही. शाळेचं छप्पर जवळून गेलं. शाळा बुडालेली बघून माणिकला खरं तर मजा वाटायला हवी होती. नाही वाटली. खाली वर्गात फळ्यासमोर बाकं तरंगत असतील, आणि फळ्यावर शेवटच्या दिवशीची तारीख अजून तशीच असेल, असलंच काहीतरी मनात येत राहिलं.

पुढं बंधा लागला, म्हणजे नदीकाठचा मातीचा उंच बांध. त्यावर गावची माणसं ताडपत्र्या टाकून राहत होती. बांधाच्या उतारावर, पाण्यात अर्धे पाय बुडालेल्या खाटेवर कजरी बसली होती. बाकी पोरं नावेकडं धावली, ही धावली नाही. माणिककडं बघून म्हणाली, "हमार घर देखिहौ?"

"कहाँ है?"

तिनं पाण्यातच बोट दाखवलं. तिथं काही नव्हतं. नुसतं चकाकणारं पाणी होतं.

"ताला नाहीं लगावा," ती सांगू लागली. "अम्मा कहिन, पानी का ताला से का डर. अब मछरी चूल्हे पर बैठत होई." मग जरा विचार करून म्हणाली, "हमरी चप्पल भी पहिनत होई."

चुलीवर बसलेला, चपला घातलेला मासा! माणिक हसला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसला असेल. त्यानं फोन काढला आणि त्याच्या तेज नजरेला लगेच दिसलं, की हाच फोटो. मुलगी, खाट, पाणी आणि वर पांढरं आभाळ. फक्त खाटेशेजारी एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. कजरीची आई, शिवरानी. अंगापिंडानं बारीक, पदर खोचलेला. वीणाताईंचा नियम त्याच्या डोक्यात पक्का बसला होता, एक फोटो, एक चेहरा. दोन माणसं दिसली की बघणाऱ्याचं मन दुभंगतं.

"ज़रा हटिए ना, फ्रेम में आ रही हैं," माणिक म्हणाला.

बाई बाजूला सरकली. पण तिचा हात खाटेच्या पायावर तसाच होता.

"हाथ भी."

"हम हट जाएँगे भैया," ती म्हणाली, "हाथ नहीं हटाएँगे. खाट बह जाएगी."

मग काय, हात राहिला. फोटोच्या अगदी कडेला, कोपरापासून बोटांपर्यंत. दोन हिरव्या बांगड्या आणि मनगटावर गोंदलेले ठिपके. माणिकनं फोटो काढला. नाववाला मागून बोंबलत होता, "जल्दी करो, धार बदल रही है!" माणिकनं चिठ्ठीवर नाव, वय, गाव लिहिलं आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ते नेहमीच तिथं थांबायचं. अकरावीच्या फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा होती. पप्पांनी त्याला न विचारता सायन्सवर खूण केली होती आणि खाली झोकात सही ठोकली होती. माणिकनं तो फॉर्म वर्गातच फाडला, सरांच्या टेबलावर भिरकावला आणि घरी आला, तो आलाच. तेव्हापासून पालक या शब्दाशी त्याचं वाकडं. नंतर भरू म्हणून त्यानं चिठ्ठी खिशात कोंबली आणि विसरला, परत आल्यावर तशीच ऋषभला देऊन टाकली. ऑफिसात ऋषभनं कडेचा हातही कापून टाकला. कोणाचा तरी हात मध्येच दिसतोय, बरा नाही दिसत, म्हणून.

इतकं झालं, तरी एक वेळ चालून गेलं असतं. पण परवा बोर्ड लागला तेव्हा माणिकनं तो वाचला होता. 'अब कोई नहीं.' त्याच क्षणी बोलायचं, तर तेवढ्यात पप्पा आले. चंद्रकांतराव, मानकनगरच्या रेल्वेच्या रिसर्चमध्ये टेक्निशियन, मूळचे वाशीमचे. मुलानं शाळा सोडल्यापासून पाच महिने ते त्याच्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. 'जेव', 'दार लाव', बस. स्कूटर ऑटोंच्या मध्ये आडवी घालून ते बराच वेळ बोर्डाकडं बघत राहिले. मग हेल्मेट न काढताच म्हणाले, "तू काढला काय हा? चांगला आलाय बाप्पा."

एवढंच. आणि माणिक गप्प बसला.

आता तोच बोर्ड डोक्यावर फडफडत होता आणि त्याच्या सावलीत मैकू बसला होता. ऊन सरकलं तशी सावली सरकली, आणि मैकूही सावलीसोबत जरा जरा सरकत होता. बसल्या बसल्या, न उठता.

"ताई," माणिक म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. "ऋषभची चूक नाही. तिची आई होती तिथं. म्हणजे कजरीची. मीच तिला बाजूला केलं. चिठ्ठी मीच भरली नाही. आणि परवाच वाचलं होतं मी बोर्डावरचं."

"परवा?" वीणाताईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा त्यांनी एक कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. "मग बोलला का नाहीस?"

"पप्पांना आवडला होता."

ऋषभला मराठी येत नसलं तरी तो पत्रकं हातात धरून तसाच उभा राहिला.

माणिक मैकूजवळ जाऊन उकिडवा बसला. फोनमध्ये खाली खाली सरकत तो मूळचा, न कापलेला फोटो शोधला आणि पुढं केला. "चाचा, ये देखिए. ये पूरा वाला है."

मैकूनं आधी शर्टाला हात पुसले. मग फोन दोन्ही हातांत घेतला, जसं पाणी प्यायला ओंजळ करतात तसा. कजरीकडं त्यानं फार बघितलं नाही. त्याची नजर कडेला जाऊन थांबली.

"ई तौ शिवरानी का हाथ है."

"हाँ."

"ई गोदना हम करावा रहा. मेला मा." जत्रेत करवलेलं ते गोंदण बघत त्यानं अंगठा फोटोच्या कडेवर ठेवला आणि हळूच आत ओढला. पुढचं दिसेल म्हणून. हातामागून दंड येईल, दंडामागून खांदा, मग तोंड. फोटो जरासा सरकला आणि सोडल्याबरोबर परत जागेवर गेला. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा गेला. "एकरे आगे?"

"आगे नहीं है चाचा." माणिक म्हणाला. "मैंने हटा दिया था उनको. फोटो के लिए."

"और ऊ हट गई?" मैकूला खरंच नवल वाटलं होतं.

"हाँ. पर हाथ नहीं हटाया. बोलीं, खाट बह जाएगी."

मैकूच्या तोंडावर काहीतरी हललं. आधी ओठ, मग गाल. तो हसत होता. "ऊ ऐसनै है. बड़ी जिद्दी." मग हसू तिथल्या तिथं विझलं. "ई कब का है?"

"छह दिन पहले का."

सहा दिवस. बंधा परवा एका जागी फुटला होता, हे माणिकला माहीत होतं आणि मैकूच्या तोंडाकडं बघून वाटलं, त्यालाही ते कुठून तरी कळलेलं आहे. वीणाताई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. कधी आल्या ते कळलंच नव्हतं. त्यांनी नाववाल्याचा नंबर लावला. बंद. बांधावरच्या कॅम्पमध्ये असलेल्या डॉक्टरांचा लावला. तोही बंद. फोन कानाला धरून त्या मैकूच्या हातातल्या छोट्या स्क्रीनवरच्या हाताकडं बघत होत्या, आणि त्यांचा अंगठा नकळत स्वतःच्या बांगड्या मागं-पुढं करत होता.

मैकूनं फोन परत दिला. गाठोडं उचललं. "बस कहाँ से मिली, भैया? कैसरबाग से न?"

"मी जातो ह्याच्यासोबत," माणिक उठला.

"तू कशाला? तिथं काय करणारेस तू?"

"नाव कुठून सुटते ते ह्याला माहीत नाही, मला माहीत आहे. ती माणसं बांधावर कुठं बसली होती तेही माहीत आहे."

"आणि नसतील तिथं, तर?"

"तर शोधू. तुम्हाला शनिवार महत्त्वाचा आहे ना, तुम्ही बसा शनिवार धरून!"

"तोंड सांभाळ," वीणाताई म्हणाल्या, पण त्यात दम नव्हता. त्यांनी पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, कजरीची चिठ्ठी शोधली आणि माणिकच्या छातीवर दाबली. "आधी हे भर. मग जा कुठं जायचं ते."

माणिकनं टेबलावर वाकून लिहिलं. मैकूलाल. शिवरानी. रकाना लहान होता, दुसरं नाव बाहेर गेलं, समासात. गेलं तर गेलं.

"मैडम, फिर शनिवार को यहाँ क्या लगाएँगे?" ऋषभनं विचारलं.

"पूरा लगा दे ना!" माणिक म्हणाला. "हाथ के साथ."

"लोग पूछेंगे किसका हाथ है."

"पूछने दे."

वीणाताई वर बोर्डाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऋषभ, आधी खालची ओळ तरी झाक. आत्ता. कापड आण, कागद आण, काहीही आण."

माणिक आणि मैकू ई-रिक्षात बसले तेव्हा मागं ऋषभ टेबलावरची चादर घेऊन स्टुलावर चढत होता. चादर वाऱ्यानं फुगली आणि क्षणभर त्या ओळीवर नाही, अख्ख्या कजरीवरच पसरली. जसं कोणी झोपलेल्या पोरीवर पांघरूण घालावं. मग ती खाली आली आणि कजरी पुन्हा दिसू लागली.

रस्ताभर माणिकला पुन्हा पाणी दिसत होतं. अमीनाबादकडच्या गर्दीत, हातगाड्यांच्या खालून, माणसांच्या घोट्यांमधून, हळू हळू येणारं, मातकट. पण या वेळी त्या पाण्यात एक खाट होती आणि ती वाहत नव्हती. कोणीतरी धरलेली होती. कोण, ते फ्रेमच्या बाहेर होतं. तो मान वळवून बघायचा प्रयत्न करत होता आणि ई-रिक्षा दर वेळी बरोबर त्याच क्षणी वळत होती.

कैसरबागच्या स्टँडवर मैकूच्या गावाकडं जाणारी बहराइचची बस लागलेलीच होती. मैकू खिडकीशी जाऊन बसला, गाठोडं मांडीवर. माणिक दारातच थांबला आणि त्यानं फोन लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःहून.

"काय रे?" चंद्रकांतरावांच्या मागं मशीनचा आवाज येत होता. "काहून केला फोन? काही झालं काय?"

"पप्पा, तो बोर्ड आहे ना चारबागचा. तो चुकीचा आहे."

"चुकीचा म्हणजे? फोटो तर तूच काढला न?"

"हो. अर्धाच काढला. तिची आई होती तिथं, मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. आता तिचा नवरा आलाय, त्याला घेऊन चाललोय. ती आहे का नाही, माहीत नाही."

पलीकडं मशीन बंद झालं. पप्पा म्हणाले, "पोहता येते काय तुला?"

"नाही."

"मग नावेत मधात बसजो. काठाले नको बसू. अन् हे पाय, पोरा..."

कंडक्टर बसचा पत्रा बडवत होता. मैकू खिडकीतून वाकून हाक मारत होता, भैया, ओ भैया.

"पप्पा, बाकीचं आल्यावर ऐकतो," माणिक म्हणाला. "मला निघायला पाहिजे आता."